वार्धक्यातील अतिसंग्रह : पादांशिक क्रमाने साहाय्य
(विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार परिसरातील चिकित्सानुभवाच्या आधारे)

१. प्रस्तावना

रुग्णाच्या घरी गेल्याखेरीज लक्षात येत नाहीत, असे काही विकार असतात. वार्धक्यातील अतिसंग्रह हा त्यांपैकी एक होय. असा रुग्ण दवाखान्यात येतो तो गुडघेदुखी, निद्रानाश, जुनाट खोकला किंवा पडल्यामुळे झालेली जखम घेऊन. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांच्या परीक्षेतून घरातील स्थिती कळत नाही. चुलीशेजारी पुठ्ठ्यांची थप्पी आहे, खाटेवर गाठोडी रचलेली आहेत आणि रुग्ण रात्री ओट्यावर बसूनच झोप घेतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळते.

विसरवाडी हे सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गाव. सभोवतालच्या पाड्यांमधून अनेक तरुण ऊसतोडीसाठी किंवा कारखान्यांतील कामासाठी गुजरातेत जातात. घर सांभाळण्यासाठी वृद्ध मागे राहतात. मुले सणाला येतात तेव्हा घरात पाय ठेवण्यास जागा नसते. मग संताप होतो, भांडण होते आणि शेवटी वैद्याकडे विचारणा होते : ‘हिला काही औषध द्या, नाहीतर आम्ही सगळे उचलून फेकतो.’

या विचारणेला योग्य उत्तर देता यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाने एकदा याचे उत्तर चुकीचे दिले होते. त्याचा वृत्तांत पुढे यथास्थित दिला आहे.

२. संग्रह आणि अतिसंग्रह

संग्रह हा स्वतः विकार नव्हे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा सांगितली आहे. साधनांवाचून दीर्घायुष्य वाट्याला येणे यासारखे दुसरे पाप नाही, असा तेथील आशय आहे. वृद्धाने चार वस्तू जवळ बाळगणे शास्त्रसंमत आहे, हे आपण प्रथम मान्य केले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरात तर दोर, गोणपाट, जुने फाळ, बांबूच्या कामट्या, बियाण्याची गाठोडी यांना उपयोग असतोच. शहरी दृष्टीला जे अडगळ वाटेल, ते पेरणीच्या दिवशी हुडकून काढले जाते.

हौशी संग्राहकही अतिसंग्रही नव्हे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांना परिचित आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी अशा नित्य वापरातील सुमारे २०,००० वस्तू आयुष्यभर हिंडून जमविल्या आणि अल्पवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या पुत्राचे नाव त्या संग्रहास दिले. पुढे हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शोक आणि संग्रह यांचे नाते किती जवळचे असते, हे या उदाहरणातून दिसते. परंतु येथे प्रत्येक वस्तूची निवड आहे, मांडणी आहे, इतरांना दाखविण्याची इच्छा आहे आणि शेवटी दानही आहे. अतिसंग्रहात या चारही गोष्टींचा अभाव असतो. वस्तू येते, ढिगात पडते, दिसेनाशी होते. तरीही तिला कोणी हात लावलेला सोसवत नाही.

व्यवहारात पुढील तीन प्रश्न पुरेसे ठरतात.

(१) खाट झोपण्यासाठी, चूल रांधण्यासाठी, मोरी स्नानासाठी आणि दार येण्याजाण्यासाठी वापरता येते काय?
(२) निरुपयोगी वस्तू टाकण्याचा प्रसंग येताच रुग्णास तीव्र दुःख, भय वा क्रोध उत्पन्न होतो काय?
(३) या साठ्यामुळे आरोग्यास, सुरक्षिततेस वा नातेसंबंधांस बाध येत आहे काय?

तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असतील तरच अतिसंग्रहाचा विचार करावा. केवळ घर अस्ताव्यस्त आहे एवढ्यावरून हे नाव देऊ नये.

३. आधुनिक वैद्यकातील मांडणी

१९९६ साली फ्रॉस्ट व हार्टल या संशोधकांनी या विकाराची व्यवस्थित व्याख्या केली. तत्पूर्वी आणि त्यानंतरही काही वर्षे तो मंत्रचळाचा, म्हणजे विचार-कृती अनिवार्यतेच्या विकाराचा, एक प्रकार मानला जात असे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पाचव्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आय.सी.डी.-११ या वर्गीकरणातही तो स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अमलात आले. परदेशांतील सर्वेक्षणांनुसार १०० प्रौढांमागे साधारणतः २ ते ३ जणांत हा विकार आढळतो. त्याचा आरंभ बहुधा किशोरवयात होतो आणि वयोमानाप्रमाणे त्याची तीव्रता वाढत जाते. जोडीदार हयात असेपर्यंत तो घराला आवर घालीत असतो. त्याच्या निधनानंतर साठा एकाएकी वाढू लागतो, असेही पुष्कळदा दिसते.

न्यूयॉर्क येथील कॉलियर बंधूंची हकीकत या विषयात वारंवार सांगितली जाते. होमर व लँग्ली हे दोघे भाऊ हार्लेम भागातील आपल्या वाड्यात १०० टनांहून अधिक वस्तूंच्या साठ्यात राहत होते. होमर अंध झाला होता. त्याला पुन्हा दृष्टी येईल तेव्हा वाचण्यास मिळावीत म्हणून लँग्ली वर्तमानपत्रे साठवीत असे. मार्च १९४७ मध्ये होमरचा मृतदेह सापडला. लँग्लीचा मृतदेह त्यानंतर एप्रिलमध्ये, भावापासून अवघ्या काही फुटांवर, कोसळलेल्या ढिगाखाली मिळाला. या प्रसंगातून वैद्याने दोन बोध घ्यावेत. साठ्याने जीव जाऊ शकतो, हा पहिला. आणि साठ्याच्या मुळाशी स्नेह असू शकतो, हा दुसरा.

४. आयुर्वेदीय विचार

अतिसंग्रह या नावाचा स्वतंत्र व्याधी आपल्या संहितांत वर्णिलेला नाही; ओढूनताणून तो दाखविण्याचीही गरज नाही. तथापि या विकाराचे आकलन होण्यास उपयुक्त अशी सूत्रे संहितांत निश्चित आढळतात.

(अ) चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोध्वंसनीय अध्यायात, कृतयुगाच्या ऱ्हासाचा क्रम सांगितला आहे. अत्यादानामुळे शरीरगौरव, त्यातून श्रम, श्रमातून आलस्य, आलस्यातून संचय, संचयातून परिग्रह आणि परिग्रहातून लोभ, असा तो क्रम आहे. संदर्भ युगऱ्हासाचा असला तरी या साखळीतील स्थाने विचारात घेण्याजोगी आहेत. लोभ येथे सर्वांत शेवटी येतो; श्रम आणि आलस्य संचयाच्या आधी येतात. वृद्धाच्या घरातील साठा पाहून आपण त्यास लोभी ठरवितो. वस्तुतः वाकता न येणे, उचलता न येणे, डोळ्यांना न दिसणे आणि थकवा यांमुळे निवडण्याचे काम राहून जाते आणि संचय वाढत जातो. म्हणून चिकित्सेचा आरंभ लोभनिंदेने करू नये. श्रम कमी करण्याने करावा.

(आ) विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात साठीनंतरच्या जीर्ण वयात धातू, इंद्रिये व बल यांसह ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान यांचाही ऱ्हास सांगितला आहे. हे वय वातप्रधान असते. वस्तू टाकण्यासाठी प्रथम ती ओळखावी लागते, तिचा उपयोग आठवावा लागतो, तुलना करावी लागते आणि मग निर्णय घ्यावा लागतो. ज्याची ही शक्ती क्षीण झाली आहे, त्याला ‘असू दे’ म्हणणे सर्वांत सोपे जाते.

(इ) निदानस्थानात उन्मादाचे वर्णन करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. अतिसंग्रहाच्या रुग्णात भक्ती, म्हणजे वस्तूंविषयीची आसक्ती, आणि चेष्टा यांत विकृती दिसते. परंतु बहुतेकांची संज्ञा व बुद्धी अन्य व्यवहारांत शाबूत असते. अशा व्यक्तीस उन्मादी म्हणणे शास्त्रदृष्ट्या अयोग्य आणि व्यवहारतः घातक आहे. एकदा वेडा ठरविलेला वृद्ध पुन्हा आपल्यासाठी दार उघडत नाही.

(ई) सर्वांत महत्त्वाचे सूत्र पादांशिक क्रमाचे आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आणि वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात ते सांगितले आहे. दीर्घकाळ अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम सोडू नये. चतुर्थांशाने, अथवा चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने, मध्ये अंतर ठेवीत ती कमी करावी आणि तितक्याच अंशाने हितकर गोष्ट तिच्या जागी आणावी. सात्म्य झालेली गोष्ट अकस्मात काढल्यास तिच्यातूनच नवे रोग उत्पन्न होतात; क्रमाने घालविलेले दोष परतत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण टिकतात. मद्य, तंबाखू, अपथ्य आहार यांसाठी आपण हा क्रम नित्य वापरतो. घरातील साठाही वृद्धास सात्म्य झालेला असतो, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

५. रुग्णवृत्त

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशिलांत आवश्यक तो बदल केला आहे.)

स्त्री, वय सत्तरीच्या पुढे, विधवा, शेतकरी कुटुंब. माहेर साक्री तालुक्याच्या कोरड्या भागातील. दोन मुलगे नोकरीनिमित्त सुरतेस, एक कन्या नवापूर परिसरात दिलेली. मोठा मुलगा संधिवातासाठी आईला घेऊन आला आणि तिला बाहेर बसवून घराची स्थिती सांगू लागला.

घरभेटीत असे आढळले : पडवीपासून माळ्यापर्यंत गोणपाटे, प्लास्टिकच्या बाटल्या, गंजलेले डबे, पुठ्ठे, फाटके कपडे, तुटक्या चपला. खाट गाठोड्यांनी भरलेली. चुलीपासून हातभर अंतरावर पुठ्ठे. आत जाण्यास एका माणसापुरती वाट. एका कोपऱ्यात औषधांच्या बाटल्या व गोळ्यांची पाकिटे रचलेली होती. त्यांतील चाळीसहून अधिक बाटल्या लेखकाच्याच दवाखान्यातून गेलेल्या आसव-अरिष्टांच्या होत्या. काहींची बुचेही उघडलेली नव्हती. आपण वर्षानुवर्षे काय देत होतो आणि त्याचे काय होत होते, हे त्या दिवशी समजले.

लेखकाने मुलास सल्ला दिला : ‘दिवाळीत आईला चार दिवस बहिणीकडे न्या आणि घर साफ करून घ्या. समोर नसली म्हणजे त्रास होणार नाही.’ हा सल्ला पूर्णतः चुकीचा होता. मुलाने तो निष्ठेने पाळला. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून सामान निघाले. चिंध्या व पुठ्ठे शेताच्या बांधावर जाळले. घर सारवून स्वच्छ झाले.

आजी परतल्या तेव्हा रडल्या नाहीत. उंबऱ्यावर बसून राहिल्या. जाळलेल्या चिंध्यांमध्ये घरच्या वालाचे, काकडीचे आणि भोपळ्याचे बियाणे होते. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी धरलेले. ते चिंधीत बांधलेले असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. त्यानंतर त्यांनी मुलाच्या हातचे जेवण नाकारले, झोप गेली, वजन उतरले. वर्ष उलटण्याच्या आत घर पूर्वीइतकेच भरले आणि आता दाराला आतून कडी असे. लेखकासही प्रवेश राहिला नाही. त्या घरात पडल्या तेव्हा ती गोष्ट दोन दिवसांनी शेजाऱ्यांना समजली. सुदैवाने अस्थिभंग झाला नव्हता. परंतु दोन दिवस पाण्यावाचून गेले ते आपल्या सल्ल्यामुळे, ही जाणीव लेखकास आजही आहे.

पुढे जखमेच्या पट्टीच्या निमित्ताने जाणे सुरू झाले. पहिले काही दिवस ओट्यावरच बसून पट्टी बांधली. घराचा विषय काढला नाही. एके दिवशी लेखकाने दिवाळीतील सल्ला आपलाच होता असे सांगून त्यांची क्षमा मागितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारले, ‘डॉक्टर, घर कोणाचं?’ ‘तुमचं,’ एवढेच उत्तर दिले. त्यानंतर त्या १९७२ च्या दुष्काळाविषयी बोलू लागल्या. ऐन पंचविशीत, माहेरी गेल्या असता, खडी फोडण्याच्या कामावर जावे लागले होते. मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले होते. पाणी भरून ठेवण्यास धड भांडे नव्हते. प्रत्येक रिकामी बाटली त्यांना पाण्याचे भांडे म्हणून दिसे. हे ऐकल्यावर त्या ढिगाकडे पाहण्याची लेखकाची दृष्टी बदलली.

आरंभ लेखकाच्या स्वतःच्या बाटल्यांपासून केला. ‘आजी, या बाटल्या माझ्या दवाखान्याच्या आहेत. मी परत नेऊ का?’ त्यांनी त्या मोजून दिल्या. परत मागितलेली वस्तू देणे त्यांना टाकण्यासारखे वाटले नाही. कालबाह्य गोळ्याही त्याबरोबर गेल्या. घरातून त्यांच्या संमतीने बाहेर पडलेला हा पहिला साठा होय.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, अर्धा तास, एकच जागा, असा क्रम ठरला. प्रथम चुलीभोवतालचे चार हात, मग खाट, मग दारापर्यंतची वाट. वस्तू हातात घेण्याचे काम कन्येने करावे आणि निर्णय आजींनी द्यावा. मोकळ्या झालेल्या जागी लगेच काही उपयोगाचे आणावे : चुलीजवळ पाण्याचा झाकणाचा माठ, खाटेवर नवी गोधडी, वाटेवर धरण्यासाठी बांबूचा आडवा दांडा. बियाण्यासाठी मुलाने सुरतेहून झाकणाचे डबे आणले. शेजारणींकडून वालाचे व भोपळ्याचे बी मागून आजींनी पुन्हा बियाणे धरले.

सुमारे दीड वर्षात चूल, खाट, मोरी आणि वाट मोकळी झाली. आतली खोली मात्र शेवटपर्यंत भरलेलीच राहिली. तिला हात लावू नये, असे सर्वांनी मिळून ठरविले होते. आजी पुढील काळ आपल्या खाटेवर आडव्या होऊन झोपल्या आणि मुलांसाठी दार उघडे राहिले. लेखकाच्या मते हेच या चिकित्सेचे फल होय.

६. व्यवच्छेदक निदान

पुढील अवस्था वगळल्याशिवाय केवळ अतिसंग्रह असे निदान करू नये.

(१) स्मृतिभ्रंश : पूर्वी टापटीप असणाऱ्या व्यक्तीत साठीनंतर प्रथमच हे वर्तन दिसल्यास, त्यासोबत स्वभावबदल, वाटा चुकणे, निर्लज्ज वर्तन वा खाण्याच्या सवयींत पालट असल्यास मेंदूच्या विकाराची शंका घ्यावी.
(२) विषाद : अशा रुग्णास वस्तूंचा मोह नसतो, उचलण्याचे त्राण नसते. टाकल्यास त्यास विशेष दुःख होत नाही.
(३) मंत्रचळ व संशयप्रधान मनोविकार : ‘टाकले तर अनिष्ट घडेल’ किंवा ‘लोक माझ्या कचऱ्यातून माहिती काढतात’ अशी कारणे रुग्ण सांगतो.
(४) आत्यंतिक आत्मदुर्लक्ष : स्नान, वस्त्र, आहार यांचाही त्याग व घरात नासलेले पदार्थ. १९७५ साली यास डायोजेनीस या ग्रीक तत्त्वज्ञाचे नाव देण्यात आले. वास्तविक तो तत्त्वज्ञ अपरिग्रही होता. येथे विलंब न करता रुग्णालयीन तपासणी करावी.
(५) शारीर कारणे : मोतिबिंदू, संधिवात, पांडुता, थायरॉइडची न्यूनता, जीवनसत्त्व ब-१२ ची न्यूनता. रक्ततपासणी व नेत्रतपासणी अवश्य करून घ्यावी. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घराची निवडानिवड स्वतःहून सुरू करणारे वृद्ध लेखकाने पाहिले आहेत.

७. चिकित्साक्रम

(अ) सुरक्षा प्रथम. सौंदर्याचा विचार पूर्णतः बाजूस ठेवावा. चूल, दिवा व विजेच्या तारांभोवतालची जागा, खाट, रात्री मोरीकडे जाण्याची वाट, दार, आणि कालबाह्य औषधे या पाचांपुरतेच प्रथम बोलावे. आमच्या भागात पावसाळ्यात मण्यार, नाग व विंचू अडगळीचा आश्रय घेतात. जमिनीवर झोपणाऱ्या वृद्धास खाटेवर आणणे आणि खाटेखालची जागा मोकळी ठेवणे ही प्राणरक्षा आहे. ‘आजी, तुम्ही पडू नये म्हणून’ हे कारण पटते. ‘लोक काय म्हणतील’ हे कारण पटत नाही.

(आ) पादांशिक क्रम. एका वेळी एक जागा, अर्धा तास, निश्चित वार. तीन वाटे करावेत : ठेवणे, देणे, काढणे. शंका येईल ती वस्तू ठेवण्याच्या वाट्यात घालावी. देण्याचा वाटा महत्त्वाचा आहे. ज्यास टाकवत नाही त्यास पुष्कळदा देववते. डबे शेजारणीस, कपडे गोधडीस, लोखंड भंगारवाल्यास व त्याचे पैसे वृद्धाच्याच हाती. मोकळ्या अंशात हितकर वस्तू वा कृती न आणल्यास ती जागा पुन्हा भरते.

(इ) नव्या वस्तूंचे आगमन. पूर्वीच्या घरात थोडेच येई आणि जे येई ते कुजून उकिरड्यात व तेथून शेतात जाई. ‘काही टाकू नये’ हा संस्कार त्या व्यवस्थेत योग्यच होता. प्लास्टिक कुजत नाही. संस्कार तोच राहिला आणि वस्तू पालटल्या. म्हणून भेटीस जाताना पिशव्या, बाटल्या, डबे नेऊ नयेत. वैद्यांनीही वृद्धास मोजके औषध, थोड्या दिवसांचे द्यावे आणि रिकामी बाटली परत मागावी.

(ई) सत्त्वावजय. मनास अहितकर विषयांपासून आवरणे, अशी याची व्याख्या आहे. परंतु आवरणारा हात रुग्णाचाच असावा. वस्तूची कथा ऐकून घ्यावी. कथा सांगून झाल्यावर वस्तूवरील पकड सैल होते, असा अनुभव आहे. शोक असल्यास प्रथम शोकाची चिकित्सा करावी. आधुनिक मानसोपचारातही विचार-वर्तन पद्धतीने निवड करण्याचा, टाकण्याची अस्वस्थता थोडी थोडी सहन करण्याचा सराव देतात आणि वृद्धांसाठी नियोजन व स्मरणाचा अभ्यास जोडतात.

(उ) औषधी चिकित्सा. औषधाने साठा कमी होत नाही, हे नातेवाइकांस आरंभीच सांगावे. वातशमन, निद्रा, अग्नी व संधिशूल यांकडे लक्ष द्यावे. अभ्यंग, पादाभ्यंग, उष्ण-स्निग्ध लघू आहार हितकर. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने प्रकृती, अग्नी व चालू औषधे पाहून योजावीत. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास यष्टीमधु दीर्घकाळ देऊ नये. विषाद वा स्मृतिभ्रंशाची शंका असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यास संकोच करू नये. टेली-मानस (१४४१६) ही शासकीय मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन (१४५६७) आहे.

८. नातेवाइकांस सूचना

(१) वृद्धाच्या अनुपस्थितीत काहीही काढू नये. नासलेले अन्न व प्रत्यक्ष धोका एवढाच अपवाद, तोही सांगून.
(२) ‘कचरा’, ‘घाण’, ‘वेड’ हे शब्द वापरू नयेत. वृद्ध स्वतः त्या वस्तूस जे म्हणेल तोच शब्द वापरावा.
(३) त्याच्या वस्तूस विचारल्याशिवाय हात लावू नये. चिंधीची गाठ उघडून पाहिल्याशिवाय ती टाकू नये.
(४) निवडण्याच्या दिवशी भांडण झाल्यास काम तेथेच थांबवावे.
(५) केवळ साफसफाईसाठी भेटीस जाऊ नये. कधी नुसते जेवायला जावे.
(६) सांभाळणाऱ्या सुनेचे वा कन्येचेही ऐकून घ्यावे. तिचा त्रास खोटा नसतो.
(७) निर्णयक्षमता शाबूत असलेल्या वृद्धास आपल्या घराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हाही उपचाराबाबत व्यक्तीची क्षमता गृहीत धरूनच चालतो.

९. उपसंहार

अतिसंग्रहाची चिकित्सा मंद असते आणि बहुधा अपूर्ण राहते. घर रिकामे करणे हे तिचे साध्य नाही. वृद्ध पडू नये, भाजू नये, त्यास झोपता यावे आणि त्याने दार उघडावे, एवढे साधले तरी चिकित्सा सफल समजावी. एका दिवसात रिकामे केलेले घर वर्षभरात पुन्हा भरते. दरम्यान तुटलेला विश्वास मात्र भरून येण्यास फार काळ लागतो.

वैद्यबंधू-भगिनींना विनंती एवढीच की, वृद्ध रुग्णाची घरभेट वर्षातून एकदा तरी करावी आणि आपल्याच औषधांच्या किती बाटल्या तेथे पडून आहेत ते पाहावे. त्या परत मागण्यापासून आरंभ करता येतो.